मनगटावरच्या फिती

९ जानेवारी

रोज काही ना काही लिहायची खोड मला कधीच नव्हती. पण पुढेमागे आमच्या या खेळाच्या क्लबला दहा वर्षं झाली आणि कुणी माइक हातात देऊन विचारलं की बाई, हे सुरू कसं झालं, तर ऐनवेळी ततपप नको. म्हणून लिहून ठेवते आहे.

तर झालं असं, की बंद गोदामामागच्या मैदानाला पालिकेनं कुलूप ठोकलं. सकाळी तिथे आम्ही बंदरवाल्या बायका पोरं घेऊन जायचो, संध्याकाळी टेकडीवाल्या. दुपारी जरा वेळ पुढेमागे झाली की लागलं तोंडाला तोंड. त्यांची भाषा आम्हाला येत नाही. आमची त्यांना येते, पण येत नसल्यासारखं करतात. गेल्या आठवड्यात शब्दांनी भागेना तेव्हा दगड उडाला. एका पोराच्या भुवईवर टाके पडले आणि दुसऱ्या दिवशी कुलूप.

माझं शिलाईचं दुकान बरोबर मधल्या रस्त्यावर. गिऱ्हाईक दोन्हीकडचं. कोणाची कंबर किती वाढली हे मला त्यांच्या नवऱ्यांच्या आधी कळतं. म्हटलं, आपण नाही तर कोण जाणार? सरळ पालिकेत गेले. तिथल्या क्रीडा खात्याच्या बाई मोठ्या कडक. म्हणाल्या, "दोन्हीकडच्या बायका एकत्र खेळताना मला दाखवा. वर्षअखेरीला स्वतः येऊन बघेन. दिसल्या तर मैदान कायमचं तुमचं. नाही दिसल्या तर जागा ट्रक उभे करायला देऊन टाकते. रोजची कटकट नको मला." आणि तोवर म्हणून किल्ली माझ्या हातावर ठेवली.

या घरात किल्ल्या आधी सासूबाईंच्या कमरेला होत्या, नंतर यांच्या खिशात गेल्या. मला कुणी किल्ली दिली ती आज पहिल्यांदा. वेणीफणी करावी तशी नीट नाडीत ओवून कमरेला बांधली. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आता आम्हालाही आत कोंडशील." यांचा विनोद.

धाकटी जाऊ मात्र नाचायचीच बाकी राहिली होती. "ताई, व्हॉलीबॉल! मी शाळेच्या टीममध्ये होते." माझ्या दुकानात काजं-बटणं तीच करते, घरात आमची चूल एक. लग्न होऊन आली तेव्हा सुईत दोरा ओवता येत नव्हता तिला. हाताला धरून शिकवलं मी. सख्ख्या बहिणीशी जमलं नाही एवढं माझं तिच्याशी जमतं.

२७ जानेवारी

अठरा बायका जमल्या. मला वाटलं जिंकलं! कसलं काय. जाळीच्या या बाजूला सगळ्या बंदरवाल्या, त्या बाजूला सगळ्या टेकडीवाल्या. खेळ कसला, चेंडूनं दगडफेक चाललेली. मग मी शिट्टी मारून दोन्ही संघ मिसळले. तरी तेच. आमची आमच्याच बाईला पास देणार, त्यांची त्यांच्याच. टेकडीवरची ती बेकरीवाली, खांदे बघावेत तिचे, रोज मणभर पीठ मळते, तिला अख्ख्या डावात एकही चेंडू मिळाला नाही. कंबरेवर हात ठेवून उभी आपली.

घरी येऊन डोकं चालवलं आणि नियम काढला. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू तीन हातांत पलीकडे जायला हवा. त्या तीन हातांत एक तरी हात दुसऱ्या वस्तीचा पाहिजे, नाहीतर पॉइंट नाही. आहे की नाही! पण शिट्टीवाल्या बाईला धावपळीत कळणार कसं कोणता हात कुणाचा? म्हणून दोन्ही मनगटांना फिती. बंदरवाल्यांना लाल, टेकडीवाल्यांना पिवळी. अस्तराचं कापड उरलं होतं, दुपारभर बसून शिवल्या.

जाऊ म्हणाली, "ताई, फिती कशाला? आपण ओळखतो की सगळ्यांना."

म्हटलं, "आपण ओळखतो गं, पण नियम म्हटला की दिसायला नको?"

तिनं पुढची फीत कापायला घेतली. पटलं तिला.

६ मार्च

नियम चालला! आज बेकरीवालीनं आमच्या जावेच्या पासवर असा चेंडू हाणला की पलीकडच्या दोघी खाली बसल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दोन्हीकडच्यांनी. माझे डोळे भरून आले. शिट्टी तोंडात होती म्हणून कुणाला कळलं नाही.

खेळ संपल्यावर बेकरीवाली फीत दाखवत माझ्याशी बरंच काही बोलली, अर्धं तिच्या भाषेत, अर्धं आपल्या. दुकानामुळे त्यांची भाषा मला बऱ्यापैकी समजते. मी सगळ्यांना सांगून टाकलं, "म्हणतेय पिवळा रंग तिच्या गोऱ्या हाताला शोभत नाही!" हसल्या सगळ्या.

घरी येताना जाऊ म्हणते, "ताई, ती तसं नव्हती म्हणाली."

"मग कसं म्हणाली, पंडितीणबाई?"

"म्हणाली, उद्या पाव घ्यायला आले तरी बांधणार का हे?"

आता याला काय अर्थ आहे? पाव घेताना कोण फीत बांधतं! चुकीचं ऐकलं असणार हिनं. आणि ही त्यांची भाषा शिकली कधी? म्हणे बेकरीत रोज जाते ना, कानावर पडतं. असेल. तरीही मी पिवळ्या बदलून निळ्या केल्या. माणसाची आवड जपावी.

१९ एप्रिल

आज दवाखान्यातली नर्स पहिल्यांदा आली. उंच, चपळ, नुसती बघत राहावी अशी. तिची आई टेकडीवरची, वडील बंदरवाले. फितींच्या डब्यापुढे उभी राहून विचारते, "मी कोणती बांधू?"

क्षणभर मीसुद्धा अडले. पण डोकं कशाला दिलंय देवानं? दोन्ही हातांना एकेका रंगाची बांधली. म्हटलं, "तुझी तर चंगळ! डावा हात त्यांचा, उजवा आमचा. तू एकटीनं नियम पुरा करशील!" एवढा हशा पिकला. तीही हसली. मग डावभर एका बाजूला उभी राहिली, चेंडू आला की अंग चोरायची. पहिला दिवस म्हणून बुजली असेल.

२ जून

नर्स पुन्हा आलीच नाही. ड्यूटी लागली असेल. बाकीच्यांचीही रोज नवी कारणं. एकीचं पोर तापानं फणफणलेलं, एकीकडे पाहुणे. बेकरीवालीची भट्टी बिघडली म्हणे. मंगळवारी तर मी किल्ली घेऊन मैदानात एकटीच, तासभर. जाळी बांधून, सोडून परत आले.

आमच्या जाऊबाईसाहेबांची दाढ दुखते. नेमकी खेळाच्या दिवशी दुखते. मी म्हटलं, उपटून टाक एकदाची, तर म्हणे डॉक्टर म्हणतात धीर धरा.

धुणं वाळत घालताना तिच्या खेळायच्या पँटच्या गुडघ्याला ठिगळ दिसलं. माझा टाका नव्हे. तिचाही नव्हे, तिचा हात मी ओळखते. तिरपा, दुहेरी, आतून गाठ लपवलेला. सुरेख होता, खोटं कशाला बोलू. विचारलं तर म्हणाली, "मीच घातला, ताई." म्हटलं, शाब्बास. काहीतरी नवं करून बघते आहे पोरगी. हाताला वळण लागतंय.

१४ सप्टेंबर

पालिकेच्या बाईंना फोन केला. फितींचं ऐकून खूश! म्हणाल्या, "वा, म्हणजे बघताक्षणी कळेल मला." तेच तर मी पहिल्यापासून सांगते आहे.

दुपारी काजं करता करता जाऊ म्हणाली, "ताई, एकदा फितींशिवाय खेळून बघूया?"

"आणि बाईंना काय दाखवायचं? अठरा बायका उड्या मारताना? त्यातल्या कोण कुठल्या, त्यांना काय स्वप्न पडणार आहे?"

"बायकांना ते बरं वाटत नाही."

"सांगायचं ना मग. निळा आवडत नसेल तर हिरवा करू. कडेला झालर लावू."

"ताई, रंगाचा प्रश्न नाहीये."

"मग कसला आहे?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक ब्लाउज घेऊन आलं, बाही घट्ट म्हणून भांडायला. ते बोलणं राहूनच गेलं. हिरव्या आणि पांढऱ्या केल्या, झालरीसकट. बोटं दुखून आली. ती समोर बसून मला सुईत दोरा ओवून देत होती.

५ डिसेंबर

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

परवा, रविवारी, बाई बघायला येणार. म्हणून आज सगळ्यांच्या घरी जाऊन आठवण करून द्यायची ठरवली. सुरुवात बेकरीपासून. दुकानाच्या खिडकीत कुणी नाही. मागून आवाज येत होता. चेंडूचा आवाज मला झोपेतही कळेल.

मागे पिठाच्या पोत्यांची शेड आहे, तिच्यापुढे अंगण. दोन खांबांना दोर ताणून त्यावर रिकामी पोती टाकलेली, तीच जाळी. आणि खेळत होत्या सगळ्या. सगळ्या! पोर तापलेली, पाहुणे आलेली. नर्ससुद्धा, अंग न चोरता, उडी मारून चेंडू हाणत होती. एकीच्याही मनगटाला फीत नाही. मध्ये आमची दाढदुखी, गुडघ्याला ते ठिगळ, आणि त्यांच्या भाषेत अशी ओरडत होती की जणू टेकडीवरच जन्मली. बेकरीवाली तिला मोडक्या आपल्या भाषेत उलट ओरडत होती. काहीतरी चुकीचं बोलली बहुतेक, कारण दोन्हीकडच्या बायका पोट धरून हसायला लागल्या.

मैदानावर कधी अशा हसल्या नाहीत. मी वर्षभर तिथे उभी होते ना, मला माहीत आहे.

मग त्यांनी मला पाहिलं. चेंडू घरंगळत पोत्यांकडे गेला, कुणी उचलला नाही.

"ताई..." जाऊ म्हणाली.

"दाढ कशी आहे?" मी विचारलं.

नर्सच बोलली शेवटी. म्हणाली, लपवून काही उपयोग नाही, रविवारी कळणारच आहे तुम्हाला. सगळ्यांनी मिळून ठरवलंय, बाईंसमोर सांगायचं की यापुढे किल्ली बेकरीवालीकडे आणि तुमच्या जावेकडे असावी. दोघींकडे मिळून. हे ती मला असं सांगत होती, जसं रोग्याच्या नातेवाइकाला सांगतात.

एरवी नळावर एका रांगेत उभ्या राहत नाहीत या बायका. मला काढायचं म्हटल्यावर कशा राहिल्या!

मी जावेला म्हटलं, "माझ्या तोंडावर का नाही सांगितलंस? एका ताटात जेवतेस माझ्या."

"सांगितलं, ताई. दर वेळी सांगितलं." तिचा आवाज फाटला. "दर वेळी तुम्ही रंग बदललात."

पावाची पिशवी रिकामीच हातात होती. तशीच घेऊन आले. रस्त्यात रडले नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मग रडले. मशीनवर डोकं टेकून रडले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. वैऱ्यानं केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. हिला मी सुई धरायला शिकवलं हो.

६ डिसेंबर

जाऊ माहेरी गेली. म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे, पण गेली.

यांना सगळं सांगितलं. हे ऐकत होते, पेपर बाजूला ठेवून. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. म्हटलं, "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

हे चष्मा पुसत म्हणाले, "वाटतं ना. जूनपासून वाटतंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, सगळ्यांनाच माहीत होतं."

"आणि मला मैदानात एकटीला जाळी बांधू दिली तुम्ही!"

"मी एकदा म्हटलं होतं, आज नको जाऊस. तू म्हणालीस, तुम्हाला खेळातलं काय कळतं."

म्हटलं असेन. पण म्हणून काय झालं? नवरा आहे की शेजारी?

संध्याकाळपासून किल्लीकडे बघत बसले आहे. न गेले तर? आजारी पडायला मलाही येतं, त्यांच्याकडूनच शिकले आहे. कुलूप उघडणार नाही, बाई ताटकळतील, चिडतील, ट्रक येऊन उभे राहतील. खेळा मग पिठात. माझ्याशिवाय कसं होतं ते बघू दे त्यांना एकदा.

हे लिहिलं आणि बरं वाटलं. मग तेवढं बरं वाटेना.

७ डिसेंबर

मुद्दाम उशिरा गेले. त्यांना घाम फुटू दे म्हटलं.

सगळ्या फाटकाबाहेर उभ्या. पालिकेच्या बाईही आलेल्या, घड्याळ बघत. कोपऱ्यातली भिंत कमरेएवढी आहे, पोरंटोरं टांग टाकून आत जातात. या अठराजणींना काय अवघड होतं? पण आत कुणी गेलं नव्हतं. उन्हात थांबल्या होत्या. माझ्या धाकानं की मानानं, ते त्यांचं त्यांना माहीत.

जाऊ एका टोकाला, डोळे सुजलेले. मी पाहिलं नाही तिच्याकडे. म्हणजे पाहिलं, पण तिला कळू दिलं नाही.

कुलूप उघडलं. सगळ्या आत गेल्या, जाळी बांधली. जाळीचा उजवा खांब ढिला आहे, त्याला आधी खुंटी ठोकावी लागते. ते मी कधी कुणाला दाखवलं नव्हतं. बेकरीवालीनं बरोबर ठोकली. बघून बघून शिकली असणार.

बाईंनी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, कपाळाला आठ्या. "अहो, फिती कुठायत? तुम्ही म्हणाला होतात फिती असतील. यातल्या कोण कुठल्या, मला काय कळणार? सगळ्या एकाच वस्तीतल्या गोळा करून आणल्या असतील तर?"

नर्सनं तोंड उघडलं आणि मिटलं. नुसतं खरं सांगितलं असतं की फिती नकोत आम्हाला, तर बाई ऐकणाऱ्यातल्या नाहीत, हे तिलाही कळत होतं. जावेनं माझ्याकडे बघितलं. जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत तिनं जे काही सांगितलं असेल, ते सगळं त्या बघण्यात होतं असं मला वाटलं. किंवा नुसती घाबरली असेल.

माझ्या पिशवीत छत्तीस फिती होत्या. हिरव्या, पांढऱ्या, झालरीच्या. इस्त्री केलेल्या. काढून दिल्या असत्या तर बांधाव्या लागल्या असत्या त्यांना, मुकाट्यानं, एकेकीला, माझ्या हातून. बाईंसमोर कोण नाही म्हणणार होतं?

मी म्हटलं, "फिती धुवायला टाकल्यात."

"सगळ्या?"

"सगळ्या. घामानं कुबट वास मारतात हो. पण मी सांगते ना, निम्म्या इकडच्या आहेत, निम्म्या तिकडच्या. माझ्या दुकानात सगळ्यांची मापं आहेत. मी जबाबदार."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्ची ओढून बसल्या. "बरं, चालू द्या."

पहिली सर्व्हिस व्हायच्या आत मी निघाले. किल्ली कुलपातच ठेवली. त्यांनी बाईंसमोर मला काढायच्या आधी मीच गेले, एवढं समाधान मला मिळू दे. फाटकाबाहेर थोडा वेळ थांबले, चपलेचा पट्टा नीट करायला. फटीतून दिसत होतं. सवयीनं हात मोजत होते मी. एक आमचा, दोन त्यांचा, तीन आमचा. पुन्हा एक त्यांचा, दोन आमचा. दर वेळी नियम पुरा होत होता. माझाच नियम पाळत होत्या, आणि म्हणे मी नको!

नंतर चेंडू फार भराभर जायला लागला आणि मोजता येईना.

हे कोपऱ्यावर उभे होते, मला न्यायला आलेले. माझ्या हातातली पिशवी घेतली. मी त्यांच्याशी बोलले नाही. अजून बोललेले नाही.

१२ डिसेंबर

मैदान राहिलं. बाईंनी सही केली. मी मीठ घ्यायला गेले तेव्हा मला दुकानदाराकडून कळलं.

जाऊ घरी परत आली आहे. मी वाढते, ती जेवते. "आमटी दे", "पाणी घे", एवढंच. परवा ताट उचलताना म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही..." मी नळ सोडला जोरात. ऐकायचं नव्हतं मला. आभार मानणार असेल तर नकोत, आणि माफी मागणार असेल तर ती इतक्या लवकर कशी देऊ? सहा महिने माझ्या तोंडावर दाढ दुखवली तिनं. मीही माणूसच आहे.

फिती फेकणार होते, पण चांगलं कापड आहे. डब्यात ठेवल्यात.

आज धुण्यात तिची पँट होती. तेच गुडघ्याचं ठिगळ. वाटलं, उसवावं आणि माझ्या हातानं नीट घालावं. या घरातलं कापड दुसऱ्या कुणी का शिवावं? उसवणी घेऊन बसले. गाठ कुठे लपवली आहे तेच सापडेना. चष्मा लावला, दिव्याखाली धरलं, उलटं करून बघितलं. टाक्याखाली टाका, कुठून सुरू झाला आणि कुठे संपला, काही पत्ता नाही. अंगणात सहा महिने आपटून आपटून बाकीचं कापड विरलं, टाका जिथल्या तिथे.

एवढी वर्षं मशीनवर बसते आहे, असा टाका मला येत नाही.

घडी घालून तिच्या कपाटात ठेवून दिली. बेकरीवालीचाच हात असणार. तिला विचारायला हवं, गाठ कुठे दडवते ते. माझं मलाच जाऊन विचारावं लागेल, तिच्या भाषेत, चुकतमाकत. जावेला मध्ये घेणार नाही.

पण इतक्यात नाही.